२ कोटी ६० लाख हेक्टरचा संकल्प आणि आपल्या गावचा माळ

रानवारा

१७ जून हा वाळवंटीकरण आणि दुष्काळाविरुद्धचा जागतिक दिवस. यंदाही रोपं लावतानाचे फोटो आले आणि दोन दिवसांत विषय मागे पडला. म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो. वाळवंटीकरण म्हटलं की आपल्याला जैसलमेरची वाळू आठवते. पण कोरडवाहू मुलखातली जमीन गवत, पीक, झाड पोसण्याची ताकद हळूहळू गमावते, तो सगळा ऱ्हास यात मोजतात. त्या हिशेबात माण-खटाव, आटपाडी, जत, सांगोला, आष्टी-पाटोदा हे सगळं येतं.

इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्राने उपग्रहचित्रांवरून देशातल्या जमिनीच्या ऱ्हासाचे अ‍ॅटलास केलेत, एक २०१६ चा, दुसरा २०२१ चा. २००३-०५ मध्ये ऱ्हास झालेली जमीन ९ कोटी ४५ लाख हेक्टर होती. २०११-१३ मध्ये ती ९ कोटी ६४ लाख झाली, २०१८-१९ मध्ये ९ कोटी ७८ लाख. देशाच्या भूभागाच्या २९.७७ टक्के. पंधरा वर्षांत ३३ लाख हेक्टरांची भर. महाराष्ट्रात हे प्रमाण २०११-१३ ला ४५ टक्क्यांच्या आसपास होतं, पुढच्या मोजणीत ते ४६ च्या वर गेलं. जवळजवळ निम्मं राज्य.

दरम्यान आपण गप्प बसलो होतो असंही नाही. अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रम १९७३-७४ पासून, मरुभूमी विकास कार्यक्रम १९७७-७८ पासून, पडीक जमिनींसाठीचा १९८९-९० पासून. २००९-१० मध्ये हे तिन्ही एकात्मिक पाणलोट (पावसाचं पाणी जिथून एका ओढ्याला मिळतं तो सगळा भाग) कार्यक्रमात विलीन झाले, २०१५-१६ पासून ते प्रधानमंत्री कृषी सिंचाई योजनेचा भाग आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या वाळवंटीकरणविरोधी करारावर भारताने १९९४ मध्ये सही केली, १९९६ मध्ये तो मंजूर केला, २००१ मध्ये राष्ट्रीय कृती कार्यक्रम आला. सप्टेंबर २०१९ मध्ये या कराराची चौदावी परिषद ग्रेटर नोएडात भरली. तिथे पंतप्रधानांनी जाहीर केलं की २०३० पर्यंत २ कोटी १० लाख नव्हे, २ कोटी ६० लाख हेक्टर जमीन पूर्ववत करू.

माझा प्रश्न सरळ आहे. पन्नास वर्षं काम चालू असताना ऱ्हासाखालचं क्षेत्र वाढतं कसं? मला वाटतं, आपण 'उपचार झालेले हेक्टर' मोजतो. तीच जमीन दहा वर्षांनी कशी आहे आणि तिची राखण कोण करतंय, हे कुठल्याच रकान्यात नसतं. तुमच्या भागातला अनुभव लिहा. सरकारी कामातले, शेतीतले, अभ्यासातले, सगळ्यांचं वाचायचंय.

सायली_प

छान मांडणी. हे २ कोटी १० लाखांचं आधीचं उद्दिष्ट कुठून आलं होतं? आणि एवढी जमीन म्हणजे नेमकी किती, काही अंदाज येईल असं सांगाल का?

रानवारा

सायली, बॉन चॅलेंज नावाचा, उजाड जमीन पूर्ववत करण्याचा आंतरराष्ट्रीय उपक्रम आहे. २०१५ च्या पॅरिस हवामान परिषदेच्या वेळी भारताने त्यात शब्द दिला होता: २०२० पर्यंत १ कोटी ३० लाख हेक्टर आणि २०३० पर्यंत आणखी ८० लाख. दोन्ही मिळून २ कोटी १० लाख. अंदाजच हवा तर महाराष्ट्राचं एकूण क्षेत्रफळ ३ कोटी ७ लाख हेक्टरांच्या आसपास आहे. म्हणजे आपल्या राज्याचे सहा भाग केले तर त्यातल्या पाचांएवढी जमीन.

नकाशेवाला

मी दूरसंवेदनात, म्हणजे उपग्रहचित्रांवरून जमीन अभ्यासण्याचं काम करतो, म्हणून अ‍ॅटलासबद्दल थोडं. एकूण आकडा वाढला हे खरं, पण आत शिरून पाहिलं तर सगळं एकाच दिशेने चाललेलं नाही. २०११-१३ ते २०१८-१९ या काळात वाऱ्याने होणारी धूप ५.५५ टक्क्यांवरून ५.४६ वर आली, म्हणजे घटली. पाण्याने होणारी धूप १०.९८ वरून ११.०१ झाली, जवळपास तिथेच. मोठी वाढ वनस्पती आच्छादनाच्या ऱ्हासात आहे, ८.९१ वरून ९.१५. म्हणजे जंगल, झुडपी रानं आणि गवताळ माळ विरळ होत चाललेत. महाराष्ट्रात पाण्याची धूप आणि आच्छादनाचा ऱ्हास हीच दोन मुख्य कारणं आहेत.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. हा अ‍ॅटलास १:५,००,००० प्रमाणावर आहे आणि त्यासाठी वापरलेल्या संवेदकाचा एक ठिपका सुमारे ५६ मीटरचा. हिवरे बाजारसारखं एखादं गाव सुधारलं तर ते अशा नकाशात उठून दिसणार नाही. देशाचा कल कळायला तो उत्तम, गावचं यशापयश ठरवायला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या करारानुसार तीन गोष्टी बघायच्या असतात: जमिनीवरचं आच्छादन, तिची उत्पादकता आणि मातीतला सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून मातीत राहणारा कार्बन). पहिल्या दोन वरून दिसतात. कर्बासाठी खड्डा खणून माती काढावी लागते आणि तिथेच आपण कमी पडतो. नागपूरला मृद सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे, कामही चांगलं आहे. पण एखाद्या पाणलोटात काम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर दहा वर्षांनी त्याच जागेची माती तपासली, असं मी फार क्वचित पाहिलंय.

शिवारफेरी

मृदसंधारणाच्या कामातच माझी नोकरी गेली, आता निवृत्त आहे. रानवारा यांचा प्रश्न आम्ही साइटवर एकमेकांना विचारायचो.

पाणलोटाचं काम माथा ते पायथा करायचं, हे पहिल्या दिवशी शिकवतात. पाऊस डोंगरमाथ्यावर पडतो, तिथेच त्याला थोपवायचं. सलग समतल चर, दगडी बांध, गवत, झाडोरा. मग खाली शेतात बांधबंदिस्ती, आणि सगळ्यात शेवटी नाल्यावर माती बांध किंवा सिमेंट बांध. प्रत्यक्षात उलटं होतं. नाल्यावरचं काम ठेकेदाराला परवडतं, मशीन थेट पोहोचतं, पाणी साठलेलं दिसतं, उद्घाटन करता येतं. माथ्यावर दोन फूट रुंद, एक फूट खोल चर काढायला माणसं लागतात, तिथे फोटोत काही दिसत नाही. मग माथ्याची माती पहिल्याच वळवाच्या पावसात खाली येते आणि नवा बांध गाळाने भरतो.

चरातही बारकावा असतो. चर समपातळीतच हवा. ए-फ्रेमने (A आकाराच्या लाकडी चौकटीने) नाहीतर पाण्याच्या नळीने पातळी काढायची. थोडा जरी उतार राहिला तर पाणी एका टोकाला गोळा होतं, तिथून चर फुटतो, आणि जिथे घळ नव्हती तिथे नवीन घळ पडते. घाईत उद्दिष्ट गाठायला केलेले चर असेच फुटतात.

आणखी एक जुना धडा सांगतो. मुंबई प्रांतात १९४२ मध्ये जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला. त्याच्या आधारे पुढे दोन-तीन दशकं हजारो एकरांवर समपातळी बांध घातले गेले. हलक्या, मुरमाड रानात ते टिकले. खोल काळ्या रानात फसले. काळी माती पाणी सावकाश पिते, बांधाला पाणी तुंबून राहायचं, पीक पिवळं पडायचं, शेवटी बांध फुटायचा. शेतकऱ्यांनीच मग ते बांध मोडले. त्यांना अडाणी म्हणणारे होते, पण रान त्यांना कळत होतं. काळ्या जमिनीला जादा पाणी सावकाश बाहेर काढणारे ढाळीचे बांध लागतात, हे नंतर मान्य झालं. एकच नमुना सगळ्या तालुक्यांवर टाकायचा मोह अजून गेलेला नाही.

आता मूळ प्रश्न. चर तीन-चार पावसाळ्यांत भरतात. ते पुन्हा काढावे लागतात, बांधाची खांडं बुजवावी लागतात. यासाठी १९९५ च्या मार्गदर्शक सूचनांपासून पाणलोट विकास निधी नावाची तरतूद आहे, गावाच्या वर्गणीतून जमा होणारी. पण प्रकल्प संपला की पाणलोट समिती विस्कटते, सचिवाचं मानधन बंद होतं, खात्यावरचे पैसे कोणाच्या सहीने काढायचे हेच कळत नाही. आणि पाणलोट योजनेच्या २०२१ च्या नव्या टप्प्यात केंद्राने हेक्टरी दर सपाट भागासाठी १२,००० वरून २२,००० केला, डोंगराळ भागासाठी १५,००० वरून २८,०००. हे फार चांगलं झालं. पण प्रकल्पाचा काळ ४ ते ७ वर्षांवरून ३ ते ५ वर्षांवर आणला. पहिलं वर्ष सभा आणि आराखड्यात जातं. तीन वर्षांत गवत येईल, माती तयार होत नाही.

बिरोबाचा_माळ

शिवारफेरी काकांचं पटलं, पण एक बाजू कायम राहून जाते म्हणून लिहितो. आम्ही मेंढपाळ. आमचा वाडा, म्हणजे मेंढरांसह फिरणारी कुटुंबं, दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातो आणि पावसाच्या तोंडावर माघारी येतो. पाणलोटाच्या कामात पहिली अट चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी. गावच्या सभेत हात वर होतात तेव्हा आमची माणसं शंभर मैलांवर असतात. आल्यावर कळतं, ज्या माळावर आजोबांपासून मेंढरं चरली तो बंद झालाय.

बंद करू नका असं मी म्हणत नाही. उघडा पडलेला माळ आम्हालाही नको असतो, पोट आमचंच मारलं जातं. पण विहिरीला पाणी वाढलं त्याचा लाभ खाली बागाईतदाराला, आणि माळ सोडायचा आम्ही. भरपाई म्हणून कापलेल्या चाऱ्यात वाटा किंवा एखादा तुकडा चरायला उघडा, असं ठरवलेलं मी मोजक्याच ठिकाणी पाहिलंय. जिथे ठरलं तिथे राखणही आमच्याच पोरांनी केली.

आणि झाडं. सोलापूर, नगर, पुण्याच्या पूर्व भागातले माळ हे मुळात गवताचेच. पाऊस कमी, मातीचा थर वीतभर, खाली मुरूम. इथे गवतच वाढायचं. लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक, तणमोर हे सगळे याच माळावर. नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य १९७९ मध्ये झालं तेही असंच गवताचं रान. या माळाला पडीक ठरवून खड्डे घेतले, त्यात गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावलं. रोपं जगली नाहीत तर खड्डे राहिले, जगली तर खाली गवत राहिलं नाही. गिरिपुष्पाला शेळी-मेंढी तोंड लावत नाही. सरकारी नोंदीत तिथे जमीन सुधारली, आमच्या नोंदीत माळ गेला.

कच्छातलं बन्नी बघा. आशियातल्या मोठ्या गवताळ प्रदेशांपैकी एक. खारटपणा पुढे सरकू नये म्हणून १९६१ मध्ये तिथे ३१ हजार हेक्टरांहून जास्त जागेवर वेडी बाभूळ लावली. ती आज बन्नीच्या मोठ्या भागावर पसरलीय. हेतू वाईट नव्हता, पण मालधाऱ्यांना, म्हणजे तिथल्या पशुपालकांना, कोणी विचारलं नाही. म्हशींना, गाईंना लागणारं गवत गेलं आणि आता तीच बाभूळ काढायचे प्रकल्प चाललेत.

नकाशेवाला

बिरोबाचा_माळ, तुम्ही म्हणता ते नोंदीतही दिसतं. महसुली कागदांवर आणि जुन्या वर्गवारीत गवताळ आणि झुडपी प्रदेश पडीक जमिनींत जातात. उपग्रहाला विरळ झुडूप आणि खराब झालेलं जंगल यातला फरक कळतो तो आपण शिकवू तेवढाच. माळाचा संदर्भ म्हणून चांगलं गवत धरायला हवं, तिथे जंगल धरलं की मूल्यमापनच चुकतं.

कृष्णाकाठ

इथे सगळे पाणी अडवण्याबद्दल बोलताहेत. आमच्याकडे पाणी जास्त झाल्याने जमीन मेली. सांगली-कोल्हापूरचा नदीकाठ, ऊस, पाटाचं आणि उपसा योजनांचं पाणी, तीस-चाळीस वर्षं एकच पीक. एकेकाळी एकरी ऐंशी-शंभर टनाची भाषा करणारी रानं आज पांढरी पडलीत. काही ठिकाणी नुसतं पाणकणीस उभं आहे. शेतकरी सात-बारावर आहे, पण शेतावर काही नाही, मजुरीला दुसऱ्याकडे जातो. हेही वाळवंटीकरणच. कोणत्याही वृक्षलागवडीने ते सुधारणार नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. जास्तीच्या पाण्याने भूजल वर येतं, सोबत क्षार आणतं, पाणी उडून जातं, क्षार वर राहतात. खारवट जमिनीवर पांढरा थर दिसतो. चोपण जमिनीत सोडियम मातीला चिकटतो, माती ओली असताना चिकट आणि वाळली की दगड. तिला आधी जिप्सम आणि ताग-धैंचासारखं हिरवळीचं खत लागतं. कोणती कोणती हे माती तपासल्याशिवाय कळत नाही आणि दुकानदार सरसकट जिप्सम विकतात, म्हणून सांगतो, तपासणी आधी.

दोन्हींवर खरा इलाज निचऱ्याचा. जमिनीखाली साडेतीन-चार फुटांवर भोकं असलेले, जाळी गुंडाळलेले पाइप ठरावीक अंतराने टाकायचे, ते मोठ्या पाइपला जोडायचे आणि पाणी नाल्यात काढायचं. कर्नालच्या केंद्रीय क्षारता संस्थेने (१९६९ ची) हे तंत्र हरियाणात बसवलं, आपल्याकडे कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राने त्यावर काम केलं. शिरोळ तालुक्यात शेतकऱ्यांनी साखर कारखान्याच्या पुढाकाराने गट करून मोठ्या क्षेत्रावर ते उतरवलं. आमच्या भावकीच्या रानात पाइप पडल्यावर तिसऱ्या हंगामात हरभरा उगवला. त्या रानात माझ्या चुलत्यांनी पीक पाहिलं नव्हतं कितीतरी वर्षं.

अडचण पैशाची आहेच, पण त्याहून मोठी अडचण वाटेची. एकट्याने पाइप टाकून उपयोग नाही, पाणी शेजाऱ्याच्या रानातून नाल्याला न्यावं लागतं. एक जण अडला की तीस जणांचं काम अडतं. आणि वर ठिबक न लावता पाट तसाच मोकळा सोडला तर दहा वर्षांत पुन्हा तेच. देशात क्षारग्रस्त जमीन ६७ लाख हेक्टरांच्या घरात आहे. २ कोटी ६० लाखांच्या हिशेबात निचऱ्याला किती जागा मिळते, हे मला बघायचंय.

मरुधर_मराठी

जोधपूरला राहते, माहेर नाशिकचं. इथे बसून धागा वाचताना परकं असं काही वाटलं नाही, उलट खूप ओळखीचं वाटलं.

नकाशेवाला यांनी वाऱ्याची धूप घटली म्हणून लिहिलंय, त्यामागे इथलं सत्तर वर्षांचं काम आहे. १९५२ मध्ये जोधपूरला मरुभूमी वनीकरण केंद्र सुरू झालं, १९५९ मध्ये त्याचीच काझरी, म्हणजे केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था, झाली. सरकत्या टेकड्या थांबवायची पद्धत बघण्यासारखी आहे. आधी टेकडी गुराढोरांपासून राखायची. मग सिणिया, खींप, बुई अशा स्थानिक झुडपांच्या वाळक्या फांद्या वाळूत रोवून बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन करायचे. वारा जमिनीलगत मंदावला की चौकोनात सेवण गवत पेरायचं, इस्रायली बाभूळ किंवा शमी लावायची. इथे शमीला खेजडी म्हणतात. रस्त्यांच्या, रेल्वेच्या आणि कालव्याच्या कडेने झाडांचे पट्टे उभे केले. १९५८ मध्ये काम सुरू झालेल्या राजस्थान कालव्याने, म्हणजे आजच्या इंदिरा गांधी कालव्याने, गंगानगर-बिकानेरकडची वाळूची जमीन लागवडीखाली आणली.

पण कृष्णाकाठ, तुमचीच गोष्ट इथेही घडली. कालव्याच्या काही भागात खाली जिप्समचा टणक थर आहे, पाणी मुरत नाही. हनुमानगढ भागात शेतं पाण्याखाली गेली, लोक त्याला सेम म्हणतात. वाळवंटात पाणथळ. शिवाय ट्रॅक्टरने टेकड्या नांगरल्या गेल्या आणि सेवणाची मुळं निघाली. सेवण एकदा रुजलं की वर्षानुवर्षं टिकतं. ते उपटून एका हंगामाच्या मोहरीसाठी कूपनलिका खोदली जातेय, याचं मला फार वाईट वाटतं.

आता नवा ताण सौरप्रकल्पांचा. सौरऊर्जा हवीच. पण जागा शोधताना ओरणांकडे नजर जाते. ओरण म्हणजे आपली देवराई, देवाच्या नावाने राखलेलं रान, गुरं चरू शकतात पण कुऱ्हाड चालत नाही. गावाने शतकानुशतकं सांभाळलेली ही जमीन महसुली कागदावर बहुतेकदा पडीक असते, त्यामुळे दिली जाते. खेजड्या तोडल्याविरुद्ध बिकानेर-जैसलमेरकडे लोक रस्त्यावर आलेत. जिथे १७३० मध्ये खेजडलीत ३६३ बिश्नोईंनी झाडांसाठी जीव दिला त्या मुलखात हे व्हावं. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान सरकारला ओरणांचं सर्वेक्षण करून त्यांची नोंद करायला सांगितलं, तेवढी एक आशा आहे.

अरवली हरित भिंतीबद्दलही विचारतात लोक. मार्च २०२३ मध्ये सुरू झाली, गुजरात ते दिल्ली १,४०० किलोमीटर लांब, ५ किलोमीटर रुंद पट्टा. कल्पना चांगली, कारण अरवलीतल्या खिंडी आणि खाणींनी पाडलेली भगदाडं यातून थरची धूळ पुढे जाते. मात्र डोंगर खणणं चालू ठेवून शेजारी रोपं लावली तर काय साधणार?

सायली_प

वाचून डोकं भरून गेलं. मी मुंबईची, शेतीतलं काही कळत नाही. पण मग २०१६ पासून आपल्या राज्यात झालेली कोट्यवधी झाडांची लागवड, जलयुक्त शिवार, गावोगावच्या श्रमदानाच्या स्पर्धा, यातलं काहीच उपयोगाचं नाही का? आम्ही ऑफिसातून श्रमदानाला जायचो. ते आठवून जरा खट्टू झाले.

शिवारफेरी

ताई, खट्टू होऊ नका. श्रमदानात तुम्ही जो चर काढला तो माथ्यावर आणि समपातळीत असेल तर त्याने माती धरलीच. त्या स्पर्धांनी एक मोठं काम केलं, नळीने पातळी काढायला गावातल्या बायका-पोरांना शिकवलं. ते ज्ञान गावात राहिलं.

जलयुक्त शिवाराचं थोडं वेगळं. कॅगचा, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा, अहवाल २०२० मध्ये आला. सुमारे ९,६०० कोटी खर्चूनही भूजल वाढवण्यात आणि गावं पाण्यात स्वयंपूर्ण करण्यात फारसा परिणाम दिसला नाही, असं त्यात म्हटलंय. माझ्या मते कारण हेच, नाला खोलीकरण फार झालं, माथा राहून गेला. आणि पाणी वाढलं तिथे वापरावर बंधन आलं नाही. हिवरे बाजारचा सगळे दाखला देतात, पण तिथे शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे, उसाला आवर आहे, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरतात. चारा कापून न्यायचा, जनावर सोडायचं नाही. हा भाग सोडून बाकीचं सगळं उचललं जातं. जालना जिल्ह्यातल्या कडवंचीत इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात नव्वदच्या दशकात काम झालं, २०१२ च्या दुष्काळात तिथल्या द्राक्षबागा तगल्या, कारण मधल्या काळात लोकांनी बांध राखले. त्या कार्यक्रमात गावाने आधी श्रमदान करून दाखवायचं, मग पैसे, असा क्रम होता.

मेळघाट_वाटा

राखण कोण करणार, यावर आमच्याकडचं उत्तर लिहितो. अमरावती जिल्ह्यात अचलपूर तालुक्यात पायविहीर नावाचं कोरकू गाव आहे. आजूबाजूचं रान उघडंबोडकं झालं होतं. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली गावाला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्यानंतर गावाने पाळ्या लावून राखण केली, चर काढले, सीताफळ आणि तेंदू स्वतः विकायला सुरुवात केली. रान परत आलं. गडचिरोलीत मेंढा-लेखा २००९ पासून याच वाटेवर आहे. दोन्हीकडे जमीन सुधारली कारण तिच्यावर अधिकार होता. उद्या बांबू निघाला तर तो आपला, हे ठाऊक असलेला माणूस आग लागली की रात्री उठून जातो.

वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचाही हक्क आहे, हे बिरोबाचा_माळ यांच्यासाठी मुद्दाम लिहितो. महाराष्ट्रात त्याखाली दावे फार कमी झालेत. वाड्यांनी मिळून करायला हवेत.

बिरोबाचा_माळ

धन्यवाद दादा. आमच्या भागातला बराच माळ वनखात्याचा आहे, त्यामुळे हे लागू व्हायला हरकत नसावी. कागद कोणते लागतात ते व्यक्तिगत निरोपात विचारतो.

रानवारा

इतकं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचं वाचून माझं मत पक्कं झालं ते सांगतो. वाऱ्याची धूप, पाण्याची धूप, क्षार, उजाड माळ हे चार वेगळे आजार आहेत आणि देशाचं उद्दिष्ट मात्र एका आकड्यात आहे. त्या आकड्यात सगळ्यात सोपं भरता येतं ते झाड. म्हणून निचऱ्याचे पाइप, गवताचं बी, माथ्यावरची दुरुस्ती मागे राहते. दिल्लीच्या टेरी या संशोधन संस्थेच्या अभ्यासात जमिनीच्या ऱ्हासाची २०१४-१५ सालची किंमत ३ लाख १७ हजार कोटी रुपये काढली होती, देशाच्या जीडीपीच्या अडीच टक्के. एवढं नुकसान होत असताना राखणदाराच्या मानधनाला आणि दहाव्या वर्षीच्या माती परीक्षणाला पैसे नाहीत, हे मला मान्य नाही. निदान मागणी तरी हीच व्हायला हवी.

आमच्या गावात पाणलोटाचा नवा आराखडा होतोय. सभेत तीन गोष्टी मांडणार आहे: माथ्याचं काम आधी, विकास निधीच्या खात्यावर पुढच्या दहा वर्षांसाठी कोणाच्या सह्या ते आत्ताच ठरवणं, आणि माळाच्या एका भागावर झाडांऐवजी गवत. वाड्यावरच्या लोकांना पावसाआधी गाठून त्यांच्यासमोर सभा घ्यायचा प्रयत्न आहे. गवताबद्दल मात्र मदत हवी. मुरमाड माळ, पाऊस ४५०-५०० मिलिमीटर. काय पेरावं, बी कुठून आणावं?

बिरोबाचा_माळ

पवन्या, मारवेल, डोंगरी. माथ्याच्या हलक्या रानाला पवन्या आणि डोंगरी, जरा माती असेल तिथे मारवेल. कुसळी सगळीकडे आपोआप येते, पण तिची कुसळं लोकरीत आणि कातडीत घुसतात, ती मुद्दाम पेरू नका. बी विकत घेण्याआधी जवळ कुठे राखलेला माळ आहे का बघा, देवस्थानचा, नाहीतर वनखात्याचा बंद तुकडा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बी पिकतं, पहाटे दव असताना हाताने ओरबाडून घ्यायचं.

शिवारफेरी

राहुरीच्या विद्यापीठाचे मारवेलचे सुधारित वाण आहेत, ठोंबं मिळतात. ती चराच्या मातीवर, भरावाच्या बाजूला लावा, भराव धरून ठेवतात. पवन्याचं बी हलकं असतं, वाऱ्याने उडतं. ओल्या मातीत आणि शेणात कालवून त्याच्या गोळ्या करा, वाळवून ठेवा आणि मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला की टाका. ताजं बी लगेच उगवत नाही, काही महिने जुनं झालेलं बरं. पहिल्या वर्षी अजिबात चारू नका आणि बी पडल्याशिवाय कापूही नका. दुसऱ्या वर्षी बी गळाल्यावर कापा. तिसऱ्या वर्षापासून तुकडे पाडून चराई उघडता येईल, कोणता तुकडा कधी ते वाड्याबरोबर बसून ठरवा.

मरुधर_मराठी

गोळ्यांत थोडी स्टायलो मिसळा, शेंगवर्गीय आहे, माळाला नत्र मिळेल. आणि पेरणीआधी दोन-तीन ठिकाणची माती काढून सेंद्रिय कर्ब तपासून कागद जपून ठेवा. जागेची खूण दगडाने करून ठेवा, म्हणजे पुढे तिथलीच माती काढता येईल.

रानवारा

करतो. मातीचे नमुने याच आठवड्यात देतो. यंदा दसऱ्याला बी गोळा करायला कोण येणार ते इथेच कळवा, जागा आणि तारीख टाकतो.